फर्नेसचा फिल्टर नेमका कोणासाठी?

१/ अमेरिकेच्या थंड प्रदेशांत घर उबदार ठेवणारी फर्नेस घरातलीच हवा ओढून, तापवून पुन्हा खोल्यांत सोडते. तिच्या वाटेवरचा फिल्टर मुळात माणसासाठी नव्हताच. धुळीपासून यंत्र वाचवणे, एवढेच त्याचे काम.

२/ सूक्ष्म कण अडवणारा कागद युद्धाने दिला. १९४० च्या दशकात मॅनहॅटन प्रकल्पात किरणोत्सारी धूळ रोखण्याच्या गरजेतून ‘हेपा’ फिल्टर घडला. अर्व्हिंग लँगम्यूर यांच्या सिद्धांतानुसार सर्वाधिक निसटतात ते सुमारे ०.३ मायक्रॉनचे कण. त्याहून लहान कण भरकटत तंतूंना चिकटतात, मोठे आदळून अडकतात.

३/ १९९९ मध्ये ‘ॲश्रे’ या संस्थेच्या ५२.२ मानकाने फिल्टर जोखण्यासाठी ‘मर्व्ह’ श्रेणी रूढ केली. मात्र मोठा अंक नेहमीच हिताचा नसतो. दाट फिल्टर पंख्याला पेलला नाही, तर हवा कोंडते आणि फर्नेस अतितापून बंद पडते. तुंबलेला फिल्टरही हेच करतो. म्हणून पातळ फिल्टर एक ते तीन महिन्यांत बदलतात.

४/ २०२० च्या महासाथीत ‘ॲश्रे’ने शक्य तेथे मर्व्ह १३ ची शिफारस केली. यंत्राचा पहारेकरी अखेर श्वासाचा राखणदार ठरला.