कलाभवनाचा धडा

धंदेशिक्षण देऊन उद्योजक निर्माण करतां येतात काय, हा प्रश्न आज नव्या शब्दांत विचारला जातो. पण तो नवा नाहीं. केंद्र सरकारनें २०१४ सालीं कौशल्यविकास व उद्योजकता या दोहोंसाठीं मिळून एक मंत्रालय स्थापिलें, तेव्हां पहिल्यामागोमाग दुसरी येतेच, असें जणूं गृहीत धरलें गेलें. हें गृहीत कितपत खरें, तें पाहण्यासाठीं आम्ही वाचकांस सव्वाशें वर्षांहून अधिक मागें, बडोद्यास नेऊं इच्छितों.

श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयानें १८९० सालीं तेथें कलाभवन निघालें. त्याची कल्पना व उभारणी प्रो. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांची. गज्जर हे सुरतेच्या सुतार घराण्यांतले, रसायनशास्त्राचे एम्. ए. आणि बडोदा कॉलेजांत त्याच विषयाचे अध्यापक. कारागिराचें हत्यार व विद्वानाचें पुस्तक यांची आपल्याकडे जी पिढ्यान्‌पिढ्या ताटातूट झाली होती, ती मोडणें हेंच त्यांच्या सगळ्या खटपटीचें सूत्र दिसतें.

त्या काळीं ही ताटातूट सर्वांत अधिक भोंवली ती रंगाऱ्यांस. पर्किननें १८५६ सालीं डांबरापासून जांभळा रंग काढला. पुढें मंजिष्ठाचा रंग प्रयोगशाळेंत तयार होऊं लागला. १८९७ सालीं जर्मन कारखान्याची कृत्रिम नीळ बाजारांत आली. पिढीजात रंगाऱ्याचा हात कुशल होता, पण नव्या भुकटीचा गुण त्यास ठाऊक नव्हता. आणि तो सांगणारीं पुस्तकें परक्या भाषांत होतीं. गज्जरांनीं येथेंच घाव घातला. रंगकाम, विणकाम, सुतारकाम, यंत्रविद्या, रेखन इत्यादि विषय देशी भाषेंतून शिकवावे, त्यांवर देशी भाषांत ग्रंथ व्हावे, असा त्यांचा आग्रह होता. ‘रंगरहस्य’ नांवाचें गुजराती नियतकालिकही त्यांनीं चालविलें. इंग्रजी आल्यावांचून विद्या नाहीं, ही अट त्यांनीं काढून टाकली, याचें महत्त्व आम्हां इंग्रजी शिकलेल्यांस सहसा कळत नाहीं.

फळ काय आलें? कलाभवनांत शिकलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांनीं १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणिला. गज्जर पुढें मुंबईस गेले. तेथें त्यांनीं टेक्नो-केमिकल लॅबोरेटरी काढली. आणि त्यांचे शिष्य कोटिभास्कर व भाईलाल अमीन यांच्या उद्योगानें १९०७ सालीं अलेंबिक केमिकल वर्क्सचा जन्म झाला. तथापि हीं नांवें बोटांवर मोजण्याजोगीं आहेत. पुष्कळ विद्यार्थी गिरण्यांत व कारखान्यांत नोकरीस लागले. यांत कमीपणा कांहीं नाहीं. पण शाळा हात तयार करते, धंदा उभारण्याचें बळ मात्र आणखी कोठून तरी यावें लागतें, एवढें यावरून उघड होतें.

तें कोठून येतें, हें लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या चरित्रांत दिसतें. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें ते यंत्ररेखन शिकवीत. म्हणजे धंदेशिक्षणांतलें जें देण्यासारखें, तें त्यांच्यापाशीं आधींच होतें. नोकरी सोडून बेळगांवीं त्यांनीं लोखंडी नांगर केला, तेव्हां लोखंडानें जमीन नासते या समजुतीनें शेतकरी त्यास हात लावीना. ही अडचण कोणत्याही वर्गांत शिकविली जात नव्हती. गिऱ्हाइकाच्या मनांतली भीति ओळखणें, पहिला माल विकेपर्यंत तग धरणें, त्याच्या तक्रारींवरून मालांत सुधारणा करणें, हा अभ्यास शेताच्या बांधावरच झाला. पुढें बेळगांवांतली कारखान्याची जागा गेली, तेव्हां औंधच्या अधिपतींनीं आपल्या संस्थानांत जमीन दिली, आणि १९१० सालीं माळरानावर किर्लोस्करवाडी वसली. विद्या, चिकाटी व आश्रय हीं तिन्ही एकत्र आलीं; त्यांतलें एक जरी उणें असतें, तरी तो नांगर बहुधा इतिहासाच्या अडगळींत पडता.

यावरून धंदेशिक्षण व्यर्थ, असें कोणी म्हणेल तर तें आम्हांस मान्य नाहीं. शिक्षणावांचून उभा राहिलेला धंदा पहिल्याच नव्या शोधाच्या लाटेंत रंगाऱ्यांच्या धंद्याप्रमाणें वाहून जातो. आमचें म्हणणें इतकेंच, कीं प्रमाणपत्र हातीं देऊन शाळेनें दार लावूं नये. मुलांनीं केलेली वस्तु बाजारांत नेऊन विकावी. किंमत, उधारी व तोटा यांची ओळख त्यांस शिकत असतांनाच व्हावी. आणि बाहेर पडल्यावर पहिलीं दोनतीन वर्षें जागा व भांडवल यांचा आधार मिळावा. संस्थानिक गेले, तो भार आतां सरकारनें, बँकांनीं व समाजानें उचलावयाचा आहे.

कलाभवन १९४९ सालीं बडोद्याच्या नव्या विद्यापीठांत विलीन झालें. त्याच्या संस्थापकानें रंगाऱ्याच्या भाषेंत रसायन सांगितलें; त्या रंगाऱ्याला स्वतःच्या दुकानापर्यंत पोंचविण्याचें उरलेलें अर्धें काम मात्र अद्याप आपल्याकडेच येणें आहे.