रोमन दगडी शवपेटिकांवरील प्रारंभिक ख्रिस्ती प्रतिमा : रोम, गोवे आणि नगर

प्रस्तावना

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील नेवासे येथे १९५४-५६ आणि १९५९-६१ या काळात डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली उत्खनने झाली. तेथे भूमध्य सागरी प्रदेशातून आलेल्या मद्यकुंभांचे तुकडे मिळाले. प्रवरेच्या काठापर्यंत पोहोचलेला हा संबंध व्यापाराचा होता. त्यावरून धर्मप्रसाराचा निष्कर्ष काढता येत नाही. वस्तूचे मूळ आणि तिचा धार्मिक अर्थ हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. रोमन शवपेटिकांवरील प्रारंभिक ख्रिस्ती प्रतिमांचा अर्थ लावतानाही हाच विवेक आवश्यक ठरतो. जुन्या आकृतीत नवा आशय कसा सामावला, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

कार्यशाळा आणि आकृती

रोमन समाजात इ.स.च्या पहिल्या शतकापर्यंत दहनाची चाल प्रमुख होती. दुसऱ्या शतकात दफनाचा प्रघात वाढला आणि धनिक कुटुंबांकडून कोरीव संगमरवरी शवपेटिकांना मागणी आली. रोम, अथेन्स व आशिया मायनर येथील कार्यशाळांत त्या घडत. खांद्यावर मेंढरू घेतलेला मेंढपाळ, ग्रंथ वाचणारा तत्त्वज्ञ, हात पसरून प्रार्थना करणारी स्त्री या आकृती तेथे आधीपासूनच रूढ होत्या. तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात ख्रिस्ती गिऱ्हाइके याच कार्यशाळांकडे वळली.

रोममधील सांता मारिया आंतिक्वा या चर्चमधील शवपेटिका साधारणतः इ.स. २७० च्या सुमाराची मानली जाते. तिच्यावर प्रार्थना करणारी स्त्री, तत्त्वज्ञ, मेंढपाळ, योना आणि येशूचा बाप्तिस्मा एकाच पट्टीत कोरलेले आहेत. स्त्री व तत्त्वज्ञ यांचे चेहरे मात्र अपुरे आहेत. मृतांची मुखे मागाहून कोरण्यासाठी ते राखून ठेवले होते, असे मानले जाते. वेलीखाली विवस्त्र पहुडलेला योना हा ग्रीक कथेतील निद्रिस्त एन्डिमिऑनच्या नमुन्यावर घडवलेला आहे. माशाच्या पोटातून तिसऱ्या दिवशी सुटलेला योना ख्रिस्ती श्रद्धेत पुनरुत्थानाची खूण ठरला. मूर्तिकाराच्या हाताचे वळण तेच राहिले. पाहणाराची श्रद्धा बदलली. म्हणून एकटा मेंढपाळ दिसला की शवपेटिका ख्रिस्ती ठरवणे धोक्याचे आहे. योना किंवा बाप्तिस्मा त्याच्या शेजारी असेल, तरच तो निर्णय टिकतो.

सत्तेच्या छायेतील बदल

इ.स. ३१३ मध्ये ख्रिस्ती उपासनेला मोकळीक मिळाली आणि प्रतिमांचे स्वरूप पालटले. रोमचा नगराधिकारी युनियस बॅसस इ.स. ३५९ मध्ये मरण पावला. मृत्यूपूर्वी नुकताच त्याने बाप्तिस्मा घेतला होता. त्याच्या शवपेटिकेवर दोन ओळींत दहा प्रसंग आहेत. इसहाकाचे अर्पण, ईयोब, आदाम व हव्वा, सिंहांमधील दानीएल, पेत्राची अटक, पिलातापुढील येशू हे त्यांपैकी काही होत. वरच्या ओळीच्या मध्यभागी तरुण, दाढीविरहित ख्रिस्त सिंहासनावर बसला असून त्याच्या पायांखाली रोमनांचा आकाशदेव आहे. सम्राटाच्या गौरवाची भाषा येथे ख्रिस्ताला लाभली. वधस्तंभावरील मृत्यू मात्र कोठेच दिसत नाही. त्याच शतकातील दुसऱ्या एका शवपेटिकेवर क्रूसाच्या माथ्यावर विजयमाला आहे, देह नाही. अपराध्याच्या शिक्षेचे ते चित्र दाखवण्याऐवजी सुटका आणि विजय कोरण्याकडे या कलेचा कल होता.

गोव्यातील रौप्यपेटिका

मराठी मुलखालगत या परंपरेशी तुलना करण्याजोगे उदाहरण जुन्या गोव्यातील बॉम जेझुस बॅसिलिकेत आहे. १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळील बेटावर निवर्तलेल्या संत फ्रान्सिस झेवियर यांच्या अवशेषांसाठी गोव्यातील रौप्यकारांनी १६३६-३७ मध्ये चांदीची पेटिका घडवली. तिच्यावर संताच्या चरित्रातील प्रसंग उठावात आहेत. ती ज्या चौथऱ्यावर आहे, तो टस्कनीचा अधिपती तिसरा कोसिमो द मेदिची याची भेट होय. फ्लोरेन्सचा शिल्पकार फोज्जिनी याने घडवलेला तो चौथरा १६९८ मध्ये उभारला गेला. रोममध्ये मृत व्यक्ती बायबलमधील सुटकेच्या कथांचा आश्रय घेत असे. गोव्यात मृत संतच कथेचा नायक झाला. हात मात्र दोन्हीकडे स्थानिक कारागिरांचे होते.

शब्दातील समांतर

गोव्यातच फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्तपुराण ओवीत रचले व ते १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्ह. ना. वा. टिळकांनी नगरमध्ये राहून अभंग व कीर्तन ख्रिस्ती उपासनेत आणले. त्यांचे अपूर्ण राहिलेले ख्रिस्तायन पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. ख्रिस्ती भजनाकडे कधी परकीय, तर कधी उसनवारी म्हणून पाहिले जाते. रोमन शवपेटिकांचा इतिहास या दोन्ही आक्षेपांना उत्तर देतो. ज्या धर्माला परका म्हटले जाते, त्याने स्वतःच्या पहिल्या शतकांतही शेजाऱ्यांच्याच आकृतींतून आपली आशा व्यक्त केली होती.

निष्कर्ष

प्रारंभिक ख्रिस्ती प्रतिमा शून्यातून निर्माण झाल्या नाहीत, तशाच त्या निव्वळ अनुकरणही नव्हत्या. निवड, मांडणी आणि संदर्भ यांतून त्यांचा अर्थ घडला. तेव्हा आकृतीच्या मूळ गावापेक्षा तिच्या शेजारची आकृती इतिहासाच्या अभ्यासकाने आधी पाहावी. नेवाशाच्या कुंभखंडापासून नगरच्या अभंगापर्यंत हीच कसोटी उपयोगी पडते.