मुळीपासून गोळीपर्यंत : सर्पगंधेची हकीकत

वाचकहो, तुमच्या घरातील थोरांपैकी कोणी ना कोणी रक्तदाबाची गोळी घेत असेल. सकाळी चहाबरोबर ती गोळी पोटात जाते आणि विषय तेथेच संपतो. ही गोळी आली कोठून, असे विचारले तर एकजण म्हणतो, विलायती कंपन्यांनी काढली; दुसरा म्हणतो, हे सारे आपल्या जुन्या वैद्य-हकीमांना ठाऊकच होते. दोन्ही उत्तरे अर्धी आहेत. रक्तदाबावरील पहिल्या गुणकारी औषधांपैकी एक आपल्याच देशातील मुळीतून निघाले आणि त्या कामी दिल्लीचा एक हकीम, अलीगढचा एक विद्यार्थी व मुंबईचा एक डॉक्टर यांचा हात लागला. विद्यार्थ्यांना ही हकीकत ठाऊक असावी, म्हणून हा प्रपंच.

ही वनस्पती म्हणजे सर्पगंधा. आपल्या कर्जतच्या कोरड्या माळावर ती सापडायची नाही. तिला दमट रान लागते. मराठीत तिला अडकई असेही नाव आहे आणि युनानी हकीम तिला असरोल म्हणतात. सर्पदंशावर, झोप न येण्यावर व वेडाच्या झटक्यावर तिची मुळी देण्याची चाल फार जुनी आहे. (शास्त्रीय नावात मात्र राउवोल्फ नावाच्या सोळाव्या शतकातील जर्मन वैद्याची आठवण आहे. त्या गृहस्थाने हिंदुस्थानात कधी पाऊलही ठेवले नव्हते!)

आता येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. मुळीने झोप येते हे कळणे निराळे आणि औषध हाती येणे निराळे. एका रानातली मुळी जहाल तर दुसऱ्या रानातली सौम्य. एका हंगामात खोदलेली गुण देते, दुसऱ्या हंगामातली देत नाही. चिमूटभर किती आणि मूठभर किती, हे हकीमाच्या हाताला कळे. परंतु तो हात हकीमाबरोबरच जाई. मुळीत नेमका कोणता पदार्थ काम करतो हे ठरल्याखेरीज मात्रा ठरत नाही, आणि मात्रा ठरल्याखेरीज हजारो रोग्यांना निर्धास्तपणे देता येत नाही.

ही अडचण ओळखणाऱ्यांत हकीम अजमलखान होते. राष्ट्रीय चळवळीतले पुढारी आणि जामिया मिल्लिया इस्लामियाचे पहिले कुलपती म्हणून त्यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. दिल्लीत त्यांनी उभारलेल्या आयुर्वेदिक व युनानी तिब्बिया कॉलेजचे उद्घाटन 1921 साली महात्मा गांधींच्या हस्ते झाले. वडिलोपार्जित विद्येचा हकीमसाहेबांना अभिमान होता. तरीही ती विद्या रसायनशाळेत तपासून घ्यावी असा त्यांचा आग्रह होता. माझ्या मते त्यांचे खरे मोठेपण यातच आहे. स्वतःच्या विद्येची परीक्षा दुसऱ्याच्या हाती देणारे थोडेच असतात.

हे काम त्यांनी सलीमुज्जमान सिद्दिकी या तरुणाकडे सोपविले. अलीगढला शिकून पुढे लंडन व फ्रँकफुर्ट येथे गेलेल्या या तरुणाला चित्रकलेचाही मोठा नाद होता आणि फ्रँकफुर्टमध्ये त्याच्या चित्रांचे प्रदर्शनही भरले होते. 1927 मध्ये रसायनशास्त्राची डॉक्टरेट घेऊन ते परतले. त्याच वर्षाच्या अखेरीस हकीमसाहेब वारले, परंतु काम थांबले नाही. 1931 साली सिद्दिकींनी सर्पगंधेच्या मुळीतून काही शुद्ध स्फटिकरूप पदार्थ वेगळे केले आणि त्यांतील एकाला आपल्या आश्रयदात्याचे नाव दिले : अजमलीन. त्याच साली कलकत्त्यात गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी ही मुळी वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर गुणकारी असल्याचे छापून प्रसिद्ध केले.

मग औषध तेव्हाच का मिळाले नाही? कारण रक्तदाब उतरविणारा मुख्य पदार्थ त्या स्वच्छ स्फटिकांत नव्हताच. स्फटिक काढून घेतल्यावर मागे जो राळेसारखा चिकट गाळ उरतो, त्यात तो दडलेला होता. एक किलो वाळलेल्या मुळीत तो सुमारे एक ग्रॅम, पुष्कळदा त्याहूनही कमी. पुढे 1944 मध्ये कलकत्त्याच्या संशोधकांनी गाळाच्या या भागाने झोप येते असे दाखविले. तरी तो पदार्थ शुद्ध रूपात कोणाच्या हाती लागला नाही. विज्ञान शिकणाऱ्या मुला-मुलींनी हे विसरू नये : जे डोळ्यांना चमकदार दिसते तेच कामाचे असते असे नाही, आणि फेकण्यापूर्वी गाळही तपासावा लागतो.

यानंतरची पायरी मुंबईत चढली गेली. परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या 50 रोग्यांना या मुळीच्या गोळ्या दिल्या. रक्तदाब आधी किती, नंतर किती, हे मोजून मांडले आणि 1949 साली इंग्लंडच्या हृदयविषयक मासिकात आपला लेख प्रसिद्ध केला. मुळी तीच, गुणही तोच. पण आता जगातील कोणत्याही डॉक्टरला पडताळता येतील असे आकडे समोर होते. अमेरिकेत बोस्टनच्या डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी ते मनावर घेऊन आपल्या रोग्यांवर प्रयोग केले. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझेल शहरातील सिबा कंपनीच्या रसायनशाळेत त्या गाळातून तो पदार्थ अखेर शुद्ध झाला. त्याचे नाव रेसर्पिन. 1957 साली अमेरिकेतील मानाचा लास्कर पुरस्कार डॉ. वकिलांना मिळाला.

दिल्लीत सुरू झालेले काम बाझेलला पुरे झाले, याची खंत कोणालाही वाटेल, मलाही वाटते. परंतु दोष कोणा एकाचा नाही. रसायनशास्त्रज्ञ एका शहरात, प्राण्यांवर परिणाम तपासणारे दुसऱ्या शहरात आणि रोगी तिसऱ्या शहरात, अशी आपली स्थिती होती. सिबाकडे ही सगळी माणसे एकाच छपराखाली होती आणि पैसाही होता.

रेसर्पिनची पुढची कथाही सरळ नाही. रक्तदाब उतरे, बेफाम मनोरुग्ण शांत होत. पण काही रोगी इतके उदास झाले की जीव नकोसा वाटावा. हे दोष उघड होत गेले, अधिक सुरक्षित औषधे आली आणि रेसर्पिन मागे पडले. पुढे औषधांचे नियम कडक झाले. आज नवा पदार्थ आधी प्राण्यांवर तपासतात, मग थोड्या माणसांवर, बहुधा निरोगी स्वयंसेवकांवर, मग काहीशे रोग्यांवर, मग हजारोंवर. एका गटाला नवे औषध आणि दुसऱ्याला जुने औषध किंवा नुसती साधी गोळी देतात, आणि कोणाला काय मिळाले हे पुष्कळदा देणाऱ्या डॉक्टरलाही सांगत नाहीत. यात दहा-पंधरा वर्षे सहज जातात. आपल्या देशात या चाचण्यांसाठी 2019 सालचे नियम लागू आहेत. पालकहो, यातील एक कलम तुमच्या उपयोगाचे आहे : तुम्हाला समजेल अशा भाषेत सर्व सांगून तुमची लेखी संमती घेतल्याखेरीज कोणीही तुमच्यावर असा प्रयोग करू शकत नाही, आणि मधेच नको म्हणण्याचा हक्क तुमच्याकडेच राहतो. कोठे सही करण्यापूर्वी घरातल्या शिकलेल्या मुलीकडून कागद वाचून घ्यावा. आणि ही हकीकत वाचून कोणी बाजारातून मुळी आणून घरी उकळू नये, की चालू गोळी आपल्या मनाने बंद करू नये. मुळीत किती रेसर्पिन आहे हे डोळ्यांना दिसत नाही.

मागे पडलेल्या औषधानेही एक मोठे काम केले. 1957 च्या सुमारास स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिले तेव्हा ते निपचित पडले; मग डोपा नावाचा पदार्थ टोचताच ते पुन्हा हालचाल करू लागले. कंपवातावर आज जे औषध देतात त्याचा मार्ग येथून निघाला. 2000 साली कार्लसन यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

इकडे मागणीपायी रानातली सर्पगंधा इतकी खोदली गेली की 1990 पासून तिच्या परदेशी व्यापारावर आंतरराष्ट्रीय कराराचे निर्बंध आहेत. आणि सिद्दिकींचे अजमलीन? रक्तदाबासाठी त्याचा फारसा उपयोग झाला नाही. पण ब्रुगाडा नावाचा एक छुपा हृदयविकार आहे, ज्यात वरवर धडधाकट दिसणारा तरुण झोपेतच दगावू शकतो. असा संशय आल्यास युरोपातील अनेक रुग्णालयांत डॉक्टर हृदयाचा आलेख लावून शिरेतून एक औषध देतात आणि लपलेला दोष आलेखावर उमटतो का ते पाहतात. ते औषध अजमलीन आहे.