जत्रेचा हंगाम आणि 'प्रपंच'

दिवाळी सरली की तंबू टॉकीजचे ट्रक जत्रा धरायला निघत आणि वळीव गडगडू लागला की कनाती गुंडाळत. मार्गशीर्षात पुसेगावचे सेवागिरी महाराज, पौषात पालीचा खंडोबा. धंद्याचं वेळापत्रक पंचांग ठरवायचं. प्रोजेक्टर ट्रकच्या हौद्यातच. आत कार्बनच्या दोन कांड्या टोकाशी टोक आणून पेटवायच्या, झिजतील तशा पुढे सरकवायच्या. ऑपरेटर गप्पांत रमला की पडदा अंधारे आणि शिट्ट्या सुरू!

चाले काय, तर देवाधर्माचं, तमाशाचं आणि डोळ्यांना पदर लावायला लावणारं. अनंत मान्यांचा १९५९ चा 'सांगत्ये ऐका' पुण्यात विजयानंदला १३१ आठवडे चालला, त्याची शिफारस मी कशाला करू? १९९१ च्या 'माहेरची साडी'लाही माझी गरज नाही.

मला विचाराल तर मधुकर पाठकांचा 'प्रपंच' (१९६१) शोधून बघा. कथा गदिमांची. गरीब कुंभाराचं घर, खाणारी तोंडं वाढतच चाललेली. कुंभार शाहीर अमर शेख, बायको सुलोचनाबाई. विषय कुटुंबनियोजनाचा, म्हणजे सरकारी पत्रक व्हायची पुरेपूर भीती. पण उपदेशापेक्षा घरातली ओढाताणच लक्षात राहते. डफावर थाप मारून मैदान हलवणारे शाहीर इथे संसाराच्या ओझ्याखाली वाकलेले बघताना चुकल्यासारखं होतं, आणि तेच मला आवडतं. बघायचा तर उन्हाळ्यात बघा. पावसाळ्यात नको, आधीच जीव मरगळलेला असतो.