लग्नाच्या आधारावर अर्ज आणि अर्जाबाहेरची माणसं

मागच्या व्याख्यानानंतर जे प्रश्न आले, त्यातला एक अमेरिकेतल्या एका श्रोत्यांचा होता. त्यांच्या नात्यातला एक मुलगा लहानपणी आईवडिलांबरोबर व्हिसावर तिकडे गेला. मुदत संपली, पण कुटुंब परतलं नाही. आता त्या मुलाचं लग्न झालंय आणि बायको जन्माने अमेरिकी नागरिक आहे. तिच्यामुळे त्याला ग्रीन कार्डासाठी अर्ज करता येतो. पण आईवडील त्याच घरात राहतात आणि त्यांच्याकडे कसलेही कागद नाहीत. हा अर्ज केला तर ते सापडतील का, असा प्रश्न.

मी वकील नाही. तत्त्वज्ञान शिकवण्यात माझी नोकरी गेली. त्यामुळे या प्रश्नाचं कायदेशीर उत्तर देण्याचा अधिकार मला नाही. पण या प्रश्नाला दीडशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. म्हणून आज तोच विषय घेतो. माझं म्हणणं थोडक्यात असं: लग्नाच्या आधारावर राज्यसंस्था जे देते ते एका माणसाला देते, पण देण्याआधी जी चौकशी करते ती सगळ्या घराची करते. हे कसं घडत गेलं ते बघू.

सुरुवातीला चौकशीच नव्हती. १८५५ च्या कायद्याने अमेरिकी नागरिकाशी लग्न करणारी परदेशी स्त्री आपोआप नागरिक होत असे. अट एकच, ती नागरिकत्वाला पात्र अशा वंशाची हवी, म्हणजे त्या काळात गोरी. आपल्याकडे लग्न झालं की मुलीचं नाव माहेरच्या रेशनकार्डातून कमी करतात आणि सासरच्या कार्डात चढवतात ना, अगदी तोच विचार. बाईला स्वतंत्र ओळख नाही, ती नवऱ्याच्या मागोमाग.

आता हेच तर्कशास्त्र उलटं चालवा. १९०७ साली कायदा झाला की परदेशी माणसाशी लग्न करणारी अमेरिकी स्त्री आपलं नागरिकत्व गमावेल. कॅलिफोर्नियात एथेल मॅकेंझी नावाची बाई होती. जन्म तिथलाच, नवरा स्कॉटिश गायक. १९११ साली त्या राज्यात बायकांना मतदानाचा हक्क मिळाला. ही नाव नोंदवायला गेली तर तिला सांगण्यात आलं, तू आता ब्रिटिश प्रजा आहेस. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९१५ साली ती हरली. न्यायालयाचं म्हणणं असं की लग्न तिने स्वेच्छेने केलं, परिणाम तिला माहीत होता. हा 'स्वेच्छेने' शब्द लक्षात ठेवा, पुढे तो निरनिराळ्या वेशांत येतो.

१९२२ च्या केबल कायद्याने हे बरंचसं सुधारलं. बाईचं नागरिकत्व तिचं स्वतःचं झालं. पण एक पाचर राहिली. नवरा जर 'नागरिकत्वाला अपात्र' वंशाचा असेल तर तिचं नागरिकत्व जाणारच. आणि पुढच्याच वर्षी, १९२३ मध्ये, भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात न्यायालयाने ठरवलं की हिंदुस्थानी माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नाही. झालं! हिंदी माणसांशी लग्न केलेल्या अमेरिकी बायका एका दिवसात कचाट्यात सापडल्या. क्रांतिकारक तारकनाथ दास यांची पत्नी मेरी दास ही जन्माने अमेरिकी, पण या नियमात तिचं नागरिकत्व गेलं. ती कोणत्या देशाची, याचं उत्तर कोणालाच देता येईना.

थिंड यांच्या वकिलांत एक नाव होतं सखाराम गणेश पंडित. नाव ऐकून तुमचे कान टवकारले असतील. मुंबई इलाख्यातून गेलेला हा माणूस, कॅलिफोर्नियात वकिली करत होता, १९१४ पासून नागरिक होता आणि त्याची बायको गोरी अमेरिकी होती. थिंड निकालानंतर सरकारने त्याचंही नागरिकत्व काढून घ्यायचा खटला भरला. पंडितांचा बचाव बघण्यासारखा आहे. वंशाचा वाद त्यांनी बाजूला ठेवला. ते म्हणाले, तुमच्याच न्यायालयाने मला नागरिक केलं, त्या भरवशावर मी व्यवसाय उभा केला, घर घेतलं, लग्न केलं. आता ते काढून घेतलंत तर नुसता मी बुडत नाही, माझ्या बायकोचं नागरिकत्वही बुडतं. १९२६ मध्ये ते अपिलात जिंकले, आणि त्यानंतर इतर हिंदी लोकांवरचे असे खटले सरकारने सोडून दिले. घरच्या माणसाचं नुकसान न्यायालयापुढे वजन म्हणून ठेवायचं, ही युक्ती तेव्हा उपयोगी पडली. आज ती किती उपयोगी पडते ते पुढे सांगतो.

आता चिनी लोकांकडे वळू. श्रोत्यांच्या प्रश्नाचं मूळ मला तिथे दिसतं.

१८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेत बंदी झाली. मजुराच्या बायकोचं काय? १८८४ मध्ये एका न्यायालयाने सांगितलं की बायकोचा दर्जा नवऱ्याचा, म्हणजे तीही मजूर, म्हणजे तिलाही बंदी. व्यापाऱ्याची बायको मात्र व्यापारी, म्हणून तिला वाट मोकळी. मग १९०६ साली सॅन फ्रान्सिस्कोत भूकंप झाला, आग लागली आणि जन्मनोंदींचं दफ्तर जळालं. अनेक चिनी पुरुषांनी आपला जन्म इथलाच असल्याचं सांगितलं. नोंदच नाही, खोटं कसं ठरवणार? नागरिक ठरल्यावर त्यांनी चीनमध्ये आपल्याला अमुक इतके मुलगे असल्याचं जाहीर केलं. त्यातले काही खरे, काही नुसते कागदावरचे. त्या कागदी मुलग्यांच्या जागी पुतणे आले, गावकरी आले, पैसे देणारे परकेही आले.

सरकारला हे कळत होतं. म्हणून एंजल आयलंडवर १९१० ते १९४० या काळात उलटतपासण्या चालत. तुमच्या गावच्या घराला पायऱ्या किती? तांदळाची कणगी कुठे ठेवता? तिसऱ्या घरात कोण राहतं? बापाला वेगळं विचारायचं, मुलाला वेगळं, आणि उत्तरं ताडून पाहायची. आजही नवरा-बायकोला कधीकधी वेगवेगळ्या खोल्यांत बसवून पलंगाच्या कोणत्या बाजूला कोण झोपतं असं विचारतात. त्या मुलाखतीचं कूळ इथलं आहे.

खरा पेच आला १९५६ मध्ये. चीनमध्ये कम्युनिस्ट राजवट आलेली, हाँगकाँगमधल्या अमेरिकी वकिलातीने बनावट पासपोर्टांबद्दल मोठा अहवाल दिलेला. इमिग्रेशन खात्याने चिनी समाजासाठी कबुलीची योजना काढली. या, खरं नाव सांगा, खरं कुटुंब आणि कागदी कुटुंब दोन्ही सांगा. तुम्ही पात्र असाल, म्हणजे सैन्यात नोकरी केली असेल, बायको नागरिक असेल, पुष्कळ वर्षं इथे राहिला असाल, तर तुमचा दर्जा नियमित करू. माफीची लेखी हमी कोणाला नव्हती.

यातली खोच बघा. एका माणसाने स्वतःपुरती कबुली देणं शक्यच नव्हतं. मी अमुक बापाचा मुलगा नाही असं म्हटलं की तो बाप खोटा ठरला, त्याचे दुसरे 'मुलगे' खोटे ठरले, त्यांच्या बायका-मुलांचे कागद खोटे ठरले. योजना १९६५ पर्यंत चालली. १३ हजारांहून अधिक लोकांनी कबुली दिली आणि त्यातून सुमारे २२ हजार माणसं उघडी पडली. बोलायला गेले त्यांच्यापेक्षा, ज्यांना कोणी विचारलंच नव्हतं, असे लोक जास्त! काहींचं भलं झालं, खरं नाव परत मिळालं, हे मान्य करायला हवं. पण ज्यांचे राजकीय विचार सरकारला पसंत नव्हते त्यांच्याविरुद्ध हीच माहिती वापरली गेली. चुलतभावांनी एकमेकांशी बोलणं टाकलं.

इथे मला महाभारतातला कौशिक आठवतो. कर्णपर्वात श्रीकृष्ण अर्जुनाला त्याची गोष्ट सांगतो. नेहमी खरंच बोलायचं असं व्रत घेतलेला हा तपस्वी. डाकूंच्या भीतीने काही माणसं रानात लपली. डाकूंनी कौशिकाला विचारलं, त्याने खरं ते सांगितलं, माणसं मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. कांट मात्र नेमका उलट बोलला असता. १७९७ च्या निबंधात त्याने म्हटलंय की मारेकरी दारात उभा असला तरी खोटं बोलू नये. टिळकांनी 'गीतारहस्या'तल्या कर्मजिज्ञासा प्रकरणात हा प्रश्न घेतला आहे, जिज्ञासूंनी जरूर वाचावा. पण कृष्णाच्या सांगण्यातला एक भाग वर्गात नेहमी निसटतो. न बोलून सुटका होत असेल तर बोलूच नये, असं तो आधी सांगतो. खोटं बोलायची पाळी त्याच्या नंतर येते. गप्प बसणं आणि खोटं बोलणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. दारातल्या डाकूत आणि सरकारी अर्जात अर्थातच फरक आहे, आणि अर्जाच्या बाबतीत तर या दोन पायऱ्यांमधलं अंतर फारच महाग पडतं.

मधला काळ भरभर सांगतो. १९४५ मध्ये सैनिकांच्या परदेशी वधूंसाठी कायदा झाला. १९४६ मध्ये हिंदी लोकांना नागरिकत्वाचा मार्ग खुला झाला, वर्षाला १०० जणांचा कोटा. १९६५ च्या कायद्याने वंशावर बेतलेला कोटा गेला. नागरिकाच्या नवऱ्याला किंवा बायकोला संख्येची मर्यादा लागू राहिली नाही. तिकडच्या आपल्या मराठी मंडळींचा बराचसा गोतावळा याच कायद्याच्या दारातून गेलेला आहे.

मग संशयाचा काळ आला. १९८६ च्या कायद्याने नव्या लग्नाला २ वर्षांचं सशर्त ग्रीन कार्ड सुरू झालं. आणि १९९६ चा कायदा तर आजच्या प्रश्नाचा कणाच आहे. कागदांशिवाय १८० दिवसांहून जास्त राहून देश सोडला तर ३ वर्षं परत यायला बंदी, वर्षभर किंवा अधिक राहून सोडला तर १० वर्षं. गंमत अशी की बंदी देश सोडल्यावर लागते. आणि ज्याने सीमा चोरून ओलांडली त्याला, काही अपवाद सोडले तर, ग्रीन कार्डाच्या मुलाखतीसाठी देश सोडावाच लागतो. व्हिसावर रीतसर आलेला माणूस मुदत संपली तरी नागरिकाशी लग्न झाल्यावर सहसा तिथेच राहून अर्ज करू शकतो. म्हणजे एकाच घरात, एकाच प्रेमाच्या लग्नात, २० वर्षांपूर्वी कोणत्या दाराने आत आलात यावर सगळं ठरतं. श्रोत्यांचा तो मुलगा या बाबतीत सुदैवी आहे.

बंदीतून सूट मिळते, पण ती मिळवताना कोणाचे हाल मोजायचे हे ठरलेलं आहे. नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असलेला जोडीदार, नाहीतर तसे आईवडील. मुलांचे हाल थेट मोजत नाहीत. आणि कागद नसलेल्या आईवडिलांचे तर मुळीच नाहीत, मग ती आई अंथरुणाला खिळलेली का असेना. पंडितांनी बायकोचं नुकसान तराजूत टाकलं होतं. आज त्या तराजूत कोणाला बसता येईल, याची यादी कायद्यानेच करून ठेवली आहे.

दुसऱ्या बाजूला अर्जात हीच माणसं ठिकठिकाणी डोकावतात. आईवडिलांची नावं आणि जन्मतारखा लिहाव्या लागतात. गेल्या ५ वर्षांचे पत्ते द्यावे लागतात, आणि पत्ता तर एकच. लग्न खरं आहे याच्या पुराव्यासाठी नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं जोडतात, त्यावर सही करणाऱ्याचा पत्ता असतो. उत्पन्नाच्या हमीपत्रात बायकोला दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के मिळकत दाखवावी लागते. करपत्रकात सासूसासरे अवलंबून दाखवले असतील तर कुटुंब मोठं ठरतं आणि लागणारी रक्कम वाढते. मिळकत कमी पडली तर सहहमीदार घेता येतो, पण तो नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकच हवा. दुकान चालवणारा, कर भरणारा, पण कागद नसलेला काका तिथे चालत नाही. आईवडिलांच्या नावापुढे 'हे कायदेशीर आहेत का' असा रकाना मात्र नाही. न विचारलेलं सांगायची सक्ती नाही. विचारलेल्याचं खोटं उत्तर मात्र जन्मभराची बंदी आणू शकतं. कृष्णाच्या त्या दोन पायऱ्या म्हणतो त्या ह्याच.

माहिती दिली की तिचं पुढे काय होतं? इथे इतिहास फारसा दिलासा देत नाही. २०१२ मध्ये लहानपणी आलेल्यांसाठी सवलत निघाली, तेव्हा सरकारने सांगितलं की अर्जातली कुटुंबाची माहिती सहसा कारवाईसाठी वापरणार नाही. ते धोरण होतं, कायदा नव्हता. २०२५ च्या एप्रिलमध्ये कर खात्याने इमिग्रेशन कारवाईसाठी करदात्यांची माहिती देण्याचा करार केला. कर भरताना लोकांनी ती माहिती त्यासाठी दिली नव्हती. म्हणून त्या मुलाला माझं एवढंच सांगणं आहे की अर्ज भरण्याआधी परवानाधारक इमिग्रेशन वकिलाकडे जा. एजंट नको, नोटरी नको. आणि फक्त नवराबायकोचे कागद नेऊ नका. घरात कोण कोण राहतं, कोण कसं आलं, करपत्रकात कोणाचं नाव आहे, हे सगळं त्याच्यापुढे मांडा. वकिलाला सांगितलेलं गोपनीय राहतं. आणि आईवडिलांना हे ठरवताना बरोबर घ्या, कारण धोका त्यांचाही आहे.

ग्रीन कार्ड मिळालं की आईवडिलांना लगेच आधार देता येईल, असाही एक गैरसमज आहे. नागरिकाच्या जोडीदाराला सहसा ३ वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करता येतो, आणि नागरिक झालेल्या, २१ वर्षं पुरी केलेल्या मुलालाच आईवडिलांसाठी अर्ज करता येतो. ती वर्षं त्यांना आहे त्याच अवस्थेत काढायची असतात.

२०२४ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सँड्रा मुन्योस यांच्या खटल्याचा निकाल दिला. त्या नागरिक, नवरा एल साल्वादोरचा. तो रीतसर मुलाखतीसाठी देश सोडून गेला आणि व्हिसा नाकारला गेला. न्यायालयाने बहुमताने म्हटलं की नागरिकाला लग्न करण्याचा हक्क आहे, पण जोडीदाराला देशात आणण्याचा मूलभूत हक्क राज्यघटनेत नाही. त्याच वर्षी नागरिकांच्या कागद नसलेल्या जोडीदारांना देश न सोडता अर्ज करू देणारी योजना ऑगस्टमध्ये सुरू झाली आणि नोव्हेंबरमध्ये टेक्सासच्या एका न्यायाधीशाने ती रद्द केली. ज्यांनी त्या अडीच-तीन महिन्यांत अर्ज भरले होते त्यांची नावं, पत्ते आणि लग्नाचे दाखले सरकारकडे पोचलेले आहेत.

आता प्रश्न घेऊ.