चौकटींची रीत आणि इंदूरची चित्रकला

मूळ चित्रावर आडव्या-उभ्या रेघांनी चौकटी पाडायच्या, तितक्याच चौकटी मोठ्या कागदावर आखायच्या आणि एकेक घर पाहून रेषा उतरवायची, ही रीत आपल्या घरांतून बहुतेकांना परिचित आहे. भिंतीवरच्या तसबिरीवरून गणपती अथवा शिवछत्रपती कित्येकांनी असेच काढले. तरीही कलाशिक्षणाचा विषय निघाला की या रीतीला नाक मुरडण्याची पद्धत पडली आहे. तो आक्षेप आम्हांस अर्धाच पटतो.

प्राचीन इजिप्तमधील कारागीर थडग्याच्या भिंतीवर तांबड्या रेघांची जाळी आखीत. उभ्या मनुष्याकृतीस तळपायापासून कपाळावरील केसांच्या रेषेपर्यंत १८ घरे असत. त्यात नकलेपेक्षा प्रमाणाचा विचार अधिक होता. इटलीतील आल्बेर्ती याने १४३५ सालच्या आपल्या चित्रकलाविषयक ग्रंथात निराळी युक्ती सांगितली. विरळ विणीच्या वस्त्रात जाड धाग्यांनी चौकटी पाडाव्यात आणि ते डोळा व वस्तू यांच्या मध्ये धरावे. म्हणजे एक जाळी तयार चित्रावर टाकलेली, दुसरी प्रत्यक्ष सृष्टीवर. पहिलीने हात चालतो, दुसरीने नजर घडते. टीकाकार बहुधा या दोहोंची गल्लत करतात.

होळकरांच्या इंदुरात १९२७ साली दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी चित्रकलेचे विद्यालय सुरू केले. नारायण श्रीधर बेंद्रे, देवकृष्ण जटाशंकर जोशी, विष्णु चिंचाळकर, मकबूल फिदा हुसेन ही त्यांच्या विद्यार्थ्यांतील ठळक नावे. या परंपरेचा जीव निसर्गचित्रणात होता, आणि उघड्यावर बसून काढायच्या चित्रात चौकटींचा पाड कसा लागावा? त्या आखून होईतो झाडाची सावली सरकलेली असते! तेथे खांद्यापासून कमरेपर्यंतचे अंतर डोळ्यानेच जोखावे लागते.

पंढरपुरात जन्मलेले व इंदुरात वाढलेले हुसेन पुढे मुंबईस गेले आणि १९३० नंतरच्या वर्षांत त्यांनी सिनेमाचे फलक रंगवून पोट भरले. फलक रंगविणाऱ्यांचा धंदा चौकटींवर चाले. छायाचित्रावर इंचाची घरे, फलकावर फुटाची. लांबी बारापट, क्षेत्रफळ १४४ पट. फलकाशी उभ्या असलेल्या माणसाला नटीचे नाक आणि हनुवटी एका दृष्टिक्षेपात दिसतच नाहीत. चौकट नसेल तर चेहरा वाकडा होणारच. शिवाय एका घरातली चूक पुढच्या घरात पसरत नाही, हा या रीतीचा मोठा गुण.

दोषही त्यातूनच उद्भवतो. शिकणारा घर पाहतो, चेहरा पाहत नाही. डोळा उतरतो, पण दोन डोळ्यांतले नाते उतरत नाही. म्हणून मुलांनी आधी नजरेनेच काढावे आणि मग चौकटी टाकून कुठे चुकले ते तपासावे, असे आमचे मत आहे. पुढे एक उभी व एक आडवी, एवढ्या दोनच रेघा ठेवाव्यात. नातवाने बक्षिसाकरिता हुबेहूब चित्र काढावे असा आग्रह धरणाऱ्या आजोबांना हा क्रम संथ वाटेल, त्यास इलाज नाही.

देवळालीकरांच्याच शिष्यांपैकी चिंचाळकर गुरुजींनी उत्तरायुष्यात वाळकी पाने, काटक्या, मोडक्या टाकाऊ वस्तू यांतून आकृती शोधल्या. तेथे रेघा आखायला मूळ चित्रच नव्हते.