कलिंगड गोड निघेल का? कापण्याआधी असं ओळखा

उन्हाळा आला की गव्हाण, उलवे, पनवेल भागात घरोघरी कलिंगड येतं. रायगडमध्ये अनेक शेतकरी भातकापणीनंतर त्याच जमिनीत ते लावतात. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. आंबा आढीत पिकतो, कलिंगड नाही. वेलीवरून तोडल्यावर त्याची गोडी वाढत नाही. म्हणून पारख विकत घेतानाच करायला हवी.

कसं निवडाल?

डाग : जमिनीला टेकलेला भाग पिवळसर हवा. तो पांढरट असेल तर फळ बहुधा लवकर तोडलेलं असतं.

वजन : सारख्या आकाराच्या दोन फळांपैकी जड असेल ते घ्या. कलिंगडात सुमारे 92 टक्के पाणी असतं.

आवाज : टिचकी मारल्यावर बद्द आवाज आला तर फळ पिकलेलं, टणटण वाजलं तर कच्चं. हा फक्त अंदाज आहे, डागही पाहा.

मधली भेग म्हणजे इंजेक्शन?

असे व्हिडिओ दर उन्हाळ्यात फिरतात. पण फळ वाढतानाही गरात भेग पडते, त्यामुळे तो पुरावा नाही. गराचा लाल रंग टोमॅटोतल्याच लायकोपीनमुळे येतो.

खाताना काय काळजी घ्याल?

खरा धोका अस्वच्छतेचा आहे. सालीवरची घाण सुरीबरोबर गरात जाते, म्हणून आधी फळ धुवा. कापलेल्या फोडी 2 तासांत फ्रिजमध्ये ठेवा. उघड्यावर कापून ठेवलेल्या फोडी टाळा.

सालीलगतचा पांढरा भागही फेकू नका. तो किसून छान धिरडी होतात.